ग्राहकाचा क्रमांक : मालमत्ता नव्हे, ठेव

दि. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला तेथून प्रवासी विमाने उडू लागली. त्याआधी, १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू खुला झाला होताच. या दोन घटनांनी उलवे, पनवेल, खारघर, तळोजा या परिसरातील घरांकडे मध्यमवर्गीय कुटुंबांचे लक्ष वेधले नसते तरच नवल. घर पाहण्याची रीतही आता बदलली आहे. पूर्वी रविवारी सकाळी लोकलने जाऊन, चिखल तुडवत, अर्धवट बांधलेल्या इमारतीचे जिने चढावे लागत. आता रात्रीची जेवणे आटोपली की घरातील मंडळी संगणकाभोवती बसतात आणि संकेतस्थळांवर घरांचे नकाशे पाहतात.

काही महिन्यांपूर्वी मुलासाठी आम्हीही असेच एक घर पाहत होतो. चित्रे सुरेख होती. खिडकीतून खाडी दिसत होती. किंमत मात्र कोठेच दिसेना. ती जाणून घ्यायची तर समोरच्या चौकटीत नाव आणि भ्रमणध्वनी क्रमांक भरणे भाग होते. भरला. दुसऱ्या दिवशी सकाळची पूजा आटोपण्यापूर्वीच पहिला दूरध्वनी आला. सायंकाळपर्यंत अकरा दूरध्वनी झाले. त्यांत गृहकर्ज देणारा होता, घराची अंतर्गत सजावट करणारा होता, कर्जतकडचे भूखंड विकणारा होता आणि समभागांत पैसे गुंतवा म्हणणारा एक सद्गृहस्थही होता. ज्या किमतीसाठी क्रमांक दिला, ती मात्र कोणीच सांगितली नाही. 'एकदा जागेवर या, मग बोलू', हेच उत्तर.

त्याच आठवड्यात आमच्याच मजल्यावर राहणारा एक तरुण भेटला. देवगडकडच्या बागायतदारांकडून हापूस आणून तो थेट घरोघरी पोचवतो. आंब्याच्या हंगामाआधी त्याने स्वतःचे संकेतस्थळ तयार करून घेतले होते. चेहरा उतरलेला. म्हणाला, "काका, दिवसाला दीडदोनशे माणसे येतात, पेट्यांची छायाचित्रे पाहतात आणि निघून जातात. नाव-क्रमांक ठेवून जाणारे जेमतेम दोन-तीन. जाहिरातीचे पैसे मात्र दर टिचकीला कापले जातात." मी त्याचे संकेतस्थळ उघडून पाहिले. पेट्यांचे दर दिसण्यापूर्वीच एक चौकट पुढे येत होती. तीत नाव, क्रमांक, ई-मेल, पूर्ण पत्ता, जन्मतारीख, व्यवसाय आणि वार्षिक उत्पन्न असे सात रकाने होते. मी विचारले, "आंब्याची पेटी पोचवायला माझे वार्षिक उत्पन्न तुला कशाला हवे?" तो ओशाळला. संकेतस्थळ करून देणाऱ्याने सांगितले होते, जितकी माहिती जास्त तितके बरे!

एकाच मजल्यावरच्या या दोन तक्रारी. क्रमांक दिला म्हणून मला पश्चात्ताप होत होता आणि क्रमांक कोणी देत नाही म्हणून तो खिन्न होता. वरकरणी या तक्रारी परस्परविरुद्ध दिसतात, पण त्यांचे मूळ एकच आहे. मला अकरा दूरध्वनी करणाऱ्यांनी माझा विश्वास जाळला. त्यानंतर कोणत्याही चौकटीपुढे माझा हात आखडणार हे उघड आहे, मग ती चौकट एखाद्या सचोटीच्या आंबेविक्रेत्याची का असेना. बेपर्वा व्यापारी जो विश्वास उधळतो, त्याची किंमत प्रामाणिक लहान व्यापारी मोजत असतो. तेव्हा ग्राहकाला क्रमांक द्यायला प्रवृत्त कसे करावे, हा प्रश्न युक्त्या-प्रयुक्त्यांनी सुटणारा नाही. क्रमांक घेणारा त्या क्रमांकाला काय समजतो, यावर सारे अवलंबून आहे. तो त्याला आपली मालमत्ता समजतो की दुसऱ्याची ठेव?

नाशिकची वही

माहिती देण्याला आपला समाज मुळातच नाखूश आहे, असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. नाशिकला वा त्र्यंबकेश्वरला जाऊन आलेल्यांनी तेथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहिल्या असतील. आपण आडनाव आणि मूळ गाव सांगावे, गुरुजींनी लाल कापडात बांधलेली लांबलचक वही काढावी आणि आपल्या पणजोबांनी तेथे येऊन केलेली नोंद वाचून दाखवावी! अंगावर काटा येतो. मग आपणही आपले नाव, भावंडांची नावे, मुलांची आणि सुनांची नावे, सध्याचा पत्ता असे सारे भराभर सांगतो. पाच पिढ्यांची कौटुंबिक माहिती आपण एका परक्या माणसाच्या स्वाधीन करतो आणि वर दक्षिणाही देतो. हीच प्रथा गयेला आहे, हरिद्वारला आहे.

व्यवहाराच्या भाषेत बोलायचे तर तीर्थोपाध्याय हाही एक व्यवसाय आहे आणि ती वही म्हणजे त्याच्या यजमानांची यादी आहे. मग तेथे हात का आखडत नाही? कारणे साधी आहेत. पहिले असे, की गुरुजी आधी देतात आणि मग मागतात. पणजोबांचे नाव कानावर पडते, त्यानंतर आपले नाव सांगण्याची पाळी येते. दुसरे, माहिती कशासाठी घेतली जात आहे हे आपल्यासमोर उघड असते. उद्या आपला नातू आला तर त्याला ती वाचून दाखवता यावी, एवढाच तिचा उपयोग. तिसरे, ती वही त्याच घराण्यात राहते. आपले नाव तेथे लिहिले म्हणून दुसऱ्या दिवशी भांड्यांचा व्यापारी दारात उभा राहत नाही.

अलीकडच्या काळातलेही एक उदाहरण आहे. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी अखिल भारतीय ग्राहक पंचायतीची स्थापना केली. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायतीचे काम सुरू झाले. शेजारपाजारच्या कुटुंबांनी एकत्र येऊन संघ करायचा, दरमहा कोणाला किती डाळ, किती साखर, किती साबण लागतो त्याची मागणी आधी नोंदवायची, सर्वांची खरेदी एकत्र करायची आणि आलेला माल एका घरी उतरवून आपसांत वाटून घ्यायचा, अशी ही पद्धत. आजच्या बाजारपेठेला ज्या माहितीचा हव्यास आहे, नेमकी तीच माहिती हजारो गृहिणींनी स्वहस्ते कागदावर लिहून दिली. घरात माणसे किती, खर्च किती, आवडनिवड काय हे सारे त्या मागणीपत्रात उघड होते. पण त्या माहितीचा लाभ माहिती देणाऱ्यालाच मिळत होता, म्हणून कोणाच्या मनात शंका आली नाही.

आपल्या धर्मशास्त्रकारांनी न्यायालयीन वादांची अठरा व्यवहारपदे सांगितली. मनुस्मृतीतील क्रमात दुसरे पद निक्षेप, म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव, आणि त्याच्या लगतचे तिसरे पद अस्वामिविक्रय, म्हणजे जे आपले नाही ते विकणे. हा क्रम अर्थपूर्ण वाटतो. ठेव हाती असणाऱ्याला पहिला मोह होतो तो ती परस्पर विकण्याचा. आजच्या ग्राहकयाद्यांच्या बाजाराला अस्वामिविक्रय याहून नेमके नाव सापडणे कठीण आहे.

यादी कोणाच्या हाती जाते?

एखाद्याला वाटेल, नको असलेले चार दूरध्वनी आले तर एवढे काय बिघडले? उचलायचे आणि ठेवून द्यायचे. प्रश्न तेवढ्यावर संपत नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील बनावट कॉल सेंटरांवर छापे घातले आणि शेकडो तरुणांना ताब्यात घेतले. आपण अमेरिकेच्या करखात्याचे अधिकारी आहोत, अशी बतावणी करून ही मुले तेथील नागरिकांना धमकावत आणि पैसे उकळत. त्याच महिन्यात अहमदाबादेतील अशाच कॉल सेंटरांविषयीचे आरोपपत्र अमेरिकेच्या न्याय विभागाने उघड केले. सावज कसे निवडले जाई, याचे उत्तर त्यात होते. माहितीचा व्यापार करणाऱ्या दलालांकडून मिळवलेल्या तपशिलावरून! कोठेतरी, कोणत्यातरी साध्या कारणासाठी भरलेली चौकट हात बदलत बदलत शेवटी लुटारूंच्या टेबलावर पोचली. आज 'डिजिटल अटके'ची भीती घालून आपल्याकडच्या ज्येष्ठ नागरिकांच्या आयुष्यभराच्या पुंजीवर डल्ला मारला जातो, तेव्हाही फसवणाऱ्याला आपले नाव आणि इतर तपशील ठाऊक असतात. तो विश्वास बसवतो तो त्याच बळावर.

नवी मुंबईकरांना तर हा विषय परका नसावा. ठाणे-बेलापूर पट्टा एकेकाळी रासायनिक आणि अभियांत्रिकी कारखान्यांसाठी ओळखला जाई. आज ऐरोली, रबाळे, महापे येथे त्या कारखान्यांच्या शेजारी प्रचंड माहितीकेंद्रे उभी आहेत. रात्रंदिवस थंड ठेवलेल्या त्या इमारतींत देशभरातील नागरिकांच्या नोंदी साठवल्या जातात. कारखान्यातून रसायन गळले तर वास येतो, डोळे चुरचुरतात, नगरपालिकेकडे तक्रार जाते. माहिती गळली तर वासही येत नाही. ती गळल्याचे कळते ते बँकेतील शिल्लक उतरल्यावर.

कायद्याची धाव आणि मर्यादा

शासनाने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. नको असलेल्या व्यापारी दूरध्वनींविरुद्ध दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००७ मध्ये राष्ट्रीय नोंदणी सुरू केली. २०१० मध्ये नवे नियम केले, २०१८ मध्ये ते पुन्हा बदलले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांत आणखी दुरुस्ती करून तक्रारीची मुदत तीन दिवसांवरून सात दिवस केली. १९०९ या क्रमांकावर आपली नापसंती आजही नोंदवता येते. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने दुकानदारांना बजावले, की बिल करताना ग्राहकाने भ्रमणध्वनी क्रमांक दिलाच पाहिजे असा आग्रह धरणे ही अनुचित प्रथा आहे. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने संकेतस्थळांवरील फसव्या रचनांविषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांत तेरा प्रकार सांगितले आहेत. मूळ वस्तूच्या खरेदीसाठी वैयक्तिक माहिती देण्यास भाग पाडणे हा त्यांतला एक. नकार देणाऱ्याला लाज वाटेल असे शब्द त्याच्या तोंडी घालणे हा दुसरा. 'नको, मला बचत करायची नाही' असे बटण ज्यांनी पाहिले असेल, त्यांना हा प्रकार लगेच उमजेल.

या सर्वांहून मोठे पाऊल म्हणजे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा. खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला होता. त्यानंतर सहा वर्षांनी हा कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. व्यापाऱ्यांवरील मुख्य बंधनांना त्या नियमांनी अठरा महिन्यांची मुदत दिली, म्हणजे त्यांची तारीख मे २०२७ मध्ये येते. माहिती गोळा करणाऱ्याला या कायद्याने जे नाव दिले आहे त्याचा अर्थच मुळी विश्वस्त असा होतो. मनूचा निक्षेप आणि आजचा कायदा येथे एकमेकांना भेटतात.

कायदा म्हणतो, की संमती मोकळ्या मनाने, विशिष्ट हेतूसाठी आणि समजून-उमजून दिलेली असावी. ती देणे जितके सोपे, तितकेच मागे घेणेही सोपे असावे. एक दृष्टांतही त्यात आहे. दूरस्थ वैद्यकीय सल्ला देणाऱ्या ॲपने रुग्णाच्या दूरध्वनीतील नावांची यादी पाहण्याची परवानगी मागितली आणि रुग्णाने ती दिली, तरीही ती संमती सल्ल्याच्या गरजेपुरतीच धरली जाईल. कारण सल्ला देण्यासाठी त्या यादीची गरजच नाही. माहितीच्या सुरक्षेत हयगय करणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आणखी एक तरतूद मराठी माणसाने विशेष ध्यानात ठेवावी. संमतीची विनंती इंग्रजीबरोबरच राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय ग्राहकाला मिळाली पाहिजे. म्हणजे 'मला हे मराठीत दाखवा' असे म्हणणे हा आपला हक्क ठरणार आहे.

तरीही कायद्याला मर्यादा आहेत. नको असलेल्या दूरध्वनींविरुद्ध नोंदणी करूनही आपणच एखाद्या चौकटीत संमतीची खूण केली, की त्या विक्रेत्यापुरते ते कवच गळून पडते. कायदा चोराला शिक्षा करू शकतो. व्यापाऱ्याला सचोटी शिकवणे हे त्याचे काम नव्हे. ते काम घराचे, पेठेचे आणि समाजाचे आहे.

मागावे कसे?

म्हणून आपल्या ज्या तरुणांनी नोकरीचा मार्ग सोडून उद्योगाची वाट धरली आहे, त्यांना चार गोष्टी आग्रहाने सांगाव्याशा वाटतात. ग्राहकाशी संपर्क ठेवणे हा गुन्हा नव्हे, ती उद्योगाची गरज आहे. क्रमांक जरूर मागावा. पण तो कसा मागावा, याला रीत आहे.

पहिली गोष्ट, आधी द्यावे आणि मग मागावे. वस्तूची किंमत, घराचा नकाशा, शिकवणीचे शुल्क हे दडवून त्याच्या बदल्यात क्रमांक मागणे म्हणजे दुकानाच्या दारात पहारेकरी बसवणे होय. जो सारे उघडपणे दाखवतो, त्याला विचारणा करणारे ग्राहक कदाचित कमी मिळतील, पण ते खरे ग्राहक असतील. दुसरी गोष्ट, गरजेपुरतेच मागावे. प्रत्येक रकान्यापुढे स्वतःलाच विचारावे, हे मला कळले नाही तर ग्राहकाचे कोणते काम अडेल? उत्तर सुचले नाही तर तो रकाना पुसून टाकावा. तिसरी गोष्ट, क्रमांक कशासाठी हवा, दूरध्वनी कोण करील आणि किती वेळा करील, हे त्याच जागी, सोप्या मराठीत, एका वाक्यात लिहावे. संमतीची खूण आपणच आधी करून ठेवू नये. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ती यादी दुसऱ्याला देऊ नये, विकू नये, उसनीही देऊ नये. ज्याने 'नाव काढून टाका' म्हटले त्याचे नाव त्याच दिवशी काढावे. काम संपले की नोंद पुसावी.

'संपर्क' हा शब्द आपल्या वाचकांच्या जिव्हाळ्याचा आहे. कार्यकर्त्याच्या खिशातल्या छोट्या वहीत शेकडो घरांचे पत्ते असतात. कोणाचा मुलगा दहावीला आहे, कोणाच्या आईची शस्त्रक्रिया झाली आहे, हेही त्याला ठाऊक असते. ती वही त्याने कधी कोणा विमा एजंटाच्या हाती दिली काय? कामासाठी मिळालेले पत्ते खासगी व्यवसायासाठी वापरण्याचा मोह ज्याला आवरला नाही, त्याच्यासाठी घरांची दारे हळूहळू बंद झाल्याचे आपण पाहिले आहे. आज निमंत्रणे आणि निरोप भ्रमणध्वनीवरच्या गटांतून जातात. तेथेही हाच विवेक हवा. कार्यक्रमाच्या नोंदणीसाठी घेतलेले क्रमांक त्या कार्यक्रमापुरतेच राहिले पाहिजेत. स्वतः न पाळलेला नियम दुसऱ्याला सांगता येत नाही.

घराची बाजू

ग्राहक म्हणून आपलीही काही कर्तव्ये आहेत. मॉलमध्ये भाग्यवान सोडतीच्या पेटीत चिठ्ठी टाकताना, प्रदर्शनाच्या दाराशी नोंदवहीत लिहिताना 'हे कशासाठी?' असा एक प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. घर पाहणाऱ्यांनी आधी महारेराच्या संकेतस्थळावर जावे. १ मे २०१७ पासून महाराष्ट्रात हे प्राधिकरण कार्यरत आहे आणि प्रकल्पाच्या जाहिरातीत त्याचा नोंदणी क्रमांक असणे बंधनकारक आहे. त्या क्रमांकावरून प्रकल्पाच्या मंजुऱ्या, पूर्णत्वाची तारीख यांसारखी माहिती स्वतःचा भ्रमणध्वनी क्रमांक न देता पाहता येते. आम्ही हे आधी केले असते तर ती अकरा दूरध्वनींची सकाळ टळली असती! घरातील मुलांना आणि वृद्धांना हे समजावून सांगावे. खेळाच्या नादात मुले आणि भिडेपोटी वृद्ध आपली माहिती सर्वांत आधी देऊन बसतात. फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे.

आणि एक गोष्ट याच्या उलटही आहे. जो व्यापारी नीट मागतो, त्याला नीट द्यावे. सर्वच चौकटींना पाठ फिरवली तर टिकतील ते केवळ जाहिरातीवर अमाप पैसा ओतू शकणारे बडे उद्योग. आपल्या शेजारचा लहान उद्योजक तगावा असे वाटत असेल, तर त्याच्या सचोटीची दखल घेणे हाही ग्राहकधर्मच आहे.

आमच्या मजल्यावरच्या त्या तरुणाने पुढे आपली चौकट बदलली. पेट्यांचे दर आणि बागेचे गाव त्याने पहिल्याच पानावर लिहिले. सात रकान्यांचे तीन केले, ते म्हणजे नाव, पिनकोड आणि क्रमांक. पूर्ण पत्ता तो मागणी पक्की झाल्यावरच घेतो. खाली एक वाक्य टाकले, 'पेटी देवगडहून निघेल त्या दिवशी एक दूरध्वनी करू, म्हणजे घरी कोणी आहे ना ते कळेल; हंगाम संपला की आपला क्रमांक पुसून टाकू.' मला दाखवायला आला तेव्हा थोडा साशंक होता. म्हणाला, "काका, क्रमांक पुसायचा म्हटले की पुढल्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात."

मी म्हटले, "आंबा गोड निघाला तर पुढल्या वर्षी तेच तुला शोधत येतील. वहीतले नाव पुसले तरी जिभेवरची चव थोडीच पुसली जाते?"

तो हसला आणि पहिल्या पेटीची नोंद त्याने माझ्याच नावावर केली. मी माझा क्रमांक दिला. या वेळी हात अडखळला नाही.